मुद्रा आणि मान्यता

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या वाटेंत कांहीं शब्द असे येतात कीं, त्यांचा अर्थ कोशांत सांपडतो, पण उलगडत नाहीं. 'काउंटेनन्स' हा त्यांपैकींच एक. कोश उघडावा तर नाम म्हणून त्याचा अर्थ चेहरा, चर्या, मुखमुद्रा असा दिलेला असतो. आणि त्याच्याच खालीं, क्रियापद म्हणून, मान्यता देणें, पाठिंबा देणें, चालूं देणें असे अर्थ दिलेले असतात. विद्यार्थी गोंधळतो. चेहऱ्याचा आणि मान्यतेचा संबंध काय? एकाच शब्दाच्या पोटांत हे दोन अर्थ नांदतात तरी कसे? गुरुजी सांगतात, "दोन्ही पाठ कर," आणि तो दोन्ही पाठ करतो. परीक्षेपुरतें तेवढें पुरतें. परंतु त्या दोन अर्थांमधला पूल एकदां दिसला, म्हणजे केवळ एक शब्द कळतो असें नाहीं. माणसें एकमेकांस परवानगी कशी देतात, कशी नाकारतात, आणि न देतांही दिल्यासारखें कसें करतात, हें सारें त्या पुलावरून दिसूं लागतें.

प्रथम या शब्दाचें कुळ पाहावें. लॅटिन भाषेंत 'कॉन्टिनेरे' असें एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ एकत्र धरून ठेवणें, आवरून धरणें. त्यापासून 'कॉन्टिनेन्शिया' म्हणजे संयम, आत्मनिग्रह हा शब्द झाला. लॅटिनमधून तो जुन्या फ्रेंच भाषेंत आला, तेव्हां त्याचा अर्थ माणसाची वागण्याची ढब, चारचौघांतील वर्तणूक असा झाला. आणि तेराव्या शतकांत तो इंग्रजींत उतरला. पुढें चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती ढब सर्व शरीरावरून आखडत आखडत चेहऱ्यावर येऊन स्थिरावली. म्हणजे या शब्दाच्या मुळाशीं नाक, डोळे, ओंठ यांपैकीं कांहींच नाहीं. मुळाशीं आहे तो संयम. सामावून घेणें या अर्थाचा 'कन्टेन', अखंड भूमि या अर्थाचा 'कॉन्टिनेंट' आणि इंद्रियनिग्रह या अर्थाचा 'कॉन्टिनन्स' हे सारे त्याचे भाऊबंद. फ्रेंच भाषेंत तर आजही एखाद्या भांड्यांत किती मावतें तें सांगावयाचें झाल्यास हाच शब्द योजतात. तेव्हां मनांत जें भरलें आहे तें सांडूं न देणारें भांडें, असा या शब्दांतील चेहऱ्याचा मूळ आशय म्हणावयास हरकत नाहीं.

ही गोष्ट ध्यानांत घेतली म्हणजे इंग्रजींतील चेहऱ्याच्या इतर शब्दांहून याचें वेगळेपण स्पष्ट होतें. 'फेस' हा रोजच्या व्यवहारांतील शब्द. 'व्हिसेज' हा काव्यांत शोभणारा; त्याचा भर दिसण्यावर. 'फिझिऑग्नमी' म्हणजे चेहऱ्याची ठेवण, आणि त्या ठेवणीवरून स्वभाव ताडण्याची विद्याही. 'एक्स्प्रेशन' म्हणजे त्या क्षणीं उमटून जाणारा भाव. 'काउंटेनन्स' यांत मात्र चेहरा, त्यावरील भाव आणि त्या भावामागील वृत्ति अशा तीन गोष्टी एकवटलेल्या आहेत. सकाळीं उठून माणूस 'फेस' धुतो. 'काउंटेनन्स' कोणी धूत नाहीं. मार लागतो तो 'फेस'ला. 'काउंटेनन्स' म्लान होतो, उजळतो किंवा कठोर होतो. हांसूं अनावर होत असतां जो गंभीर राहतो, तो आपला 'काउंटेनन्स' राखतो असें इंग्रज म्हणतो. आणि भर सभेंत ज्याची फजिती होऊन तोंड एवढेंसें होतें, तो 'काउंटेनन्स'च्या बाहेर पडला असें म्हणतो. मराठींत चेहरा पडतो किंवा उतरतो. इंग्रजींत माणूसच आपल्या चेहऱ्याच्या बाहेर पडतो. भांड्यांतील पाणी बाहेर सांडलें, एवढाच त्याचा अर्थ.

आतां चेहऱ्यापासून मान्यतेपर्यंतची वाट पाहूं गेल्यास ती फारशी लांब नाहीं. ज्याचा चेहरा सदां आवरलेला, त्याच्या चेहऱ्यावरील लहानशा बदलासही मोल येतें. दरबारांत राजा बसला आहे; समोर कोणी अर्ज घेऊन उभा आहे. राजा बोलत नाहीं; परंतु त्याच्या मुखावर प्रसन्नता दिसते कीं आठी, याकडे सर्वांचे डोळे लागलेले असतात. प्रसन्नता दिसली म्हणजे काम झालें. अशा रीतीनें आधीं केवळ चेहरा, मग अनुकूल चेहरा, मग ती अनुकूलता आणि अखेर त्या अनुकूलतेनें मिळणारा आश्रय, असा अर्थ पायरीपायरीनें पुढें सरकला. सोळाव्या शतकांत 'काउंटेनन्स' हें आश्रय देणें, पाठ राखणें या अर्थाचें क्रियापद म्हणून रूढ झालें. आज तें बहुधा नकारासहच आढळतें. अमुक गोष्टीस आम्ही कदापि 'काउंटेनन्स' देणार नाहीं, असें मंत्री, न्यायाधीश आणि मुख्याध्यापक म्हणतात. देण्याच्या वेळीं साधे शब्द वापरावयाचे आणि नाकारण्याच्या वेळीं हा भारदस्त शब्द काढावयाचा, अशी ही रीत आहे.

गंमत अशी कीं, इंग्रजींतच दुसरा एक शब्द याच वाटेनें उलट दिशेस चालला. 'फेव्हर' हा तो शब्द. तो मूळचाच कृपा, सद्भाव या अर्थाचा. परंतु मध्ययुगापासून पुढें कित्येक शतकें त्याचा चेहरा, रूप असाही अर्थ होता. 1611 सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलांत मिसर देशाच्या राजास स्वप्नांत गाई दिसतात. त्यांतील धष्टपुष्ट गाई 'वेल फेव्हर्ड' आणि रोडावलेल्या गाई 'इल फेव्हर्ड' म्हटल्या आहेत. तेथें कृपेचा कांहीं संबंध नाहीं. दिसावयास चांगल्या आणि दिसावयास वाईट, एवढाच अर्थ आहे. एखादा मुलगा बापासारखा दिसत असल्यास तो बापाला 'फेव्हर' करतो, अशी बोली अद्यापि इंग्रजींत कोठें कोठें आहे. एक शब्द चेहऱ्यापासून निघून कृपेस पोंचला. दुसरा कृपेपासून निघून चेहऱ्यास येऊन मिळाला. एकाच पुलावर दोन वाटसरू समोरासमोर भेटावे, तसें हें झालें. यावरून तो पूल एखाद्या शब्दाचा अपघात नसून माणसाच्या व्यवहारांतच बांधलेला आहे, हें दिसतें.

आणि तो केवळ इंग्रजांच्या व्यवहारांत आहे असेंही नाहीं. 'मुद्रा' हा संस्कृत शब्द घ्यावा. त्याचा जुना अर्थ शिक्का, मोहोर. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकाचें सारें कथानक एका मुद्रेच्या अंगठीभोंवतीं फिरतें; कारण कागदावर ती उमटली म्हणजे कागद खरा. आणि मराठी माणूस मुद्रा म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत चेहऱ्यावरील भावही असतो. मुद्रा गंभीर झाली, मुद्रा प्रसन्न झाली, असें तो सहज बोलून जातो. मान्यतेचा शिक्का आणि चेहऱ्यावरील भाव यांना एकच नांव आहे, हें क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें. 'प्रसाद' शब्दाचेंही तसेंच. पाणी निवळलें म्हणजे प्रसन्न. मन निवळलें म्हणजे प्रसन्न. त्या मनाची झांक मुखावर आली म्हणजे प्रसन्नमुख. आणि अशी प्रसन्नता ज्याच्यावर झाली त्याच्या हातीं पडतो तो प्रसाद. कचेऱ्यांतून रोज कानांवर पडणारा 'मंजूर' हा शब्द अरबी आहे, आणि ज्या धातूपासून 'नजर' शब्द आला त्याच धातूपासून तोही आला आहे. मंजूर म्हणजे ज्याकडे पाहिलें गेलें, जें नजरेस आणलें गेलें. अर्ज मंजूर झाला म्हणजे अर्जाकडे कोणी पाहिलें! मेहेरनजर, कृपादृष्टि, गैरमर्जी, खप्पा मर्जी हे सारे शब्द त्याच दरबाराच्या दारांत उभे आहेत.

त्या दारांत उभें राहावें लागणाऱ्या माणसाची अवस्था इंग्रजी वाङ्मयानें पुष्कळ वेळां रंगविली आहे. शेक्सपिअरच्या हॅम्लेटला, म्हणजे आगरकरांनीं 1883 सालीं 'विकारविलसित' या नांवानें मराठींत आणलेल्या नाटकाच्या नायकाला, रोझेनक्रँट्झ नांवाचा जुना सोबती भेटतो. तो आतां राजाचा हेर झालेला असतो. हॅम्लेट त्याला स्पंज म्हणतो. हा स्पंज काय शोषून घेतो, तर राजाचा 'काउंटेनन्स', त्याचीं बक्षिसें आणि त्याचा अधिकार. आणि राजाला गरज लागेल तेव्हां तो स्पंज पिळून पुन्हा कोरडा करतां येतो, असें हॅम्लेटचें बोलणें आहे. यांत पहिलें स्थान बक्षिसाला नाहीं, अधिकाराला नाहीं, तर राजाच्या अनुकूल चेहऱ्याला आहे, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. बाकीचें सारें त्या चेहऱ्यामागून येतें.

परंतु ज्याला हा अनुकूल चेहरा हवा होता आणि मिळाला नाहीं, अशा एका माणसाची हकीकत अधिक बोधप्रद आहे. कारण त्याच माणसानें पुढें या शब्दाचा अर्थ कोशांत लिहिला. तो म्हणजे डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन. 1746 सालीं लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांनीं त्याच्याशीं इंग्रजी भाषेचा मोठा कोश रचण्याचा करार केला. 1747 सालीं जॉन्सननें कोशाचा आराखडा छापून तो चेस्टरफील्डच्या उमरावाला उद्देशून प्रसिद्ध केला. हा उमराव विद्वानांचा आश्रयदाता म्हणून नांवाजलेला, मंत्रिपद भूषविलेला, शिष्टाचाराचा तर आदर्शच मानला गेलेला. जॉन्सनच्या हातीं त्याच्याकडून दहा पौंड पडले, आणि मग दिवाणखान्याबाहेरच्या खोल्यांत ताटकळणें पडलें. सात वर्षें लोटलीं. जॉन्सननें मदतनिसांच्या साहाय्यानें, दारिद्र्याशीं आणि आजाराशीं झगडत काम रेटलें. मध्यंतरीं त्याची पत्नी वारली. कोश पुरा होत आल्याचें कळतांच 1754 च्या अखेरीस चेस्टरफील्डनें एका नियतकालिकांत कोशाची स्तुति करणारे दोन लेख लिहिले.

त्यावर 7 फेब्रुवारी 1755 या दिवशीं जॉन्सननें त्याला पत्र लिहिलें. तें इंग्रजी गद्यांतील एक अक्षरलेणें मानलें जातें. त्याचा आशय असा कीं, माणूस पाण्यांत जिवाच्या आकांतानें हातपाय मारीत असतां जो कांठावरून निर्विकारपणें पाहत राहतो आणि तो कांठाला लागल्यावर मदतीचें ओझें त्याच्या गळ्यांत घालतो, त्यालाच आश्रयदाता म्हणावयाचें काय? ही कृपा वेळेवर आली असती तर ती कृपा झाली असती. आतां तिचा उपयोग नाहीं. त्याच वर्षीं एप्रिल महिन्यांत कोश बाहेर पडला. त्यांत 'पेट्रन' म्हणजे आश्रयदाता या शब्दाची व्याख्या करतांना जॉन्सननें आरंभींच 'काउंटेनन्स' हें क्रियापद योजिलें: जो 'काउंटेनन्स' देतो, आधार देतो, रक्षण करतो तो. आणि त्यापुढें तो उपहासानें जोडून देतो कीं, हा प्राणी बहुधा नीच असतो, उद्दामपणानें मदत करतो आणि खुशामतीच्या रूपानें तिची किंमत वसूल करतो. कोशाच्या कोरड्या पानावर एवढा जिव्हारीं लागलेला अर्थ क्वचितच कोणी लिहिला असेल.

या प्रकरणास आणखी एक बाजू आहे. हाच चेस्टरफील्ड आपल्या मुलास वर्षानुवर्षें उपदेशपर पत्रें लिहीत असे. तीं त्याच्या मृत्यूनंतर, 1774 सालीं, छापलीं गेलीं. त्यांत त्यानें मुलास बजावलें आहे कीं, सभ्य माणसानें मोठ्यानें हंसूं नये. लोकांनीं त्याला स्मित करतांना पाहावें, पण त्याचें हंसणें कोणाच्या कानीं पडूं नये. चेहरा मोकळा आणि विचार बंद, ही इटालियन म्हण तर त्याच्या आवडीची होती. म्हणजे चेहरा राखण्याची विद्या तो पूर्णपणें जाणत होता. जॉन्सनला मिळाला तो असाच राखलेला चेहरा: उघड वैर नाहीं, उघड साहाय्यही नाहीं. शब्दाचा पहिला अर्थ आणि शेवटचा अर्थ, संयम आणि आश्रय, येथें एकाच माणसांत भेटतात. आणि ज्याच्या ठिकाणीं संयम फार, त्याच्याकडून आश्रय किती मिळेल हें कळण्यास मार्ग नसतो, हेंही दिसून येतें.

यामुळेंच कीं काय, इंग्रजी भाषेनें मान्यतेचे निरनिराळे शब्द फार काळजीपूर्वक वेगळे ठेवले आहेत. ते एका ओळींत मांडून पाहिले म्हणजे 'काउंटेनन्स'ची जागा नीट कळते. 'अप्रूव्हल' आणि त्याचाच भारदस्त भाऊ 'अप्रोबेशन' यांच्या मुळाशीं पारखणें आहे. नोकरींत नव्या माणसाला 'प्रोबेशन'वर ठेवतात, तो शब्द त्याच घरचा. पारखून चांगलें ठरलें म्हणून मान्य, असा त्याचा भाव. 'सँक्शन' याच्या मुळाशीं पावित्र्य आहे. विधिपूर्वक घातलेला निर्बंध, मग त्याला मिळालेलें अधिकाऱ्याचें बळ. म्हणून हा शब्द दुधारी आहे. जागा 'सँक्शन' झाली म्हणजे मंजुरी. आणि एखाद्या राष्ट्रावर 'सँक्शन' लादले म्हणजे शिक्षा. 'असेंट' म्हणजे औपचारिक अनुमति. संसदेनें संमत केलेल्या विधेयकास राष्ट्रपतींची अनुमति मिळाल्यावरच त्याचा कायदा होतो. ती अनुमति जाहीर करावी लागते. त्या वेळीं राष्ट्रपतींची मुद्रा प्रसन्न होती कीं नव्हती, हें कोणी विचारीत नाहीं.

या शब्दांनंतर ओळ उतरणीला लागते. 'अक्विएसन्स' म्हणजे गप्प राहून दिलेली संमति. त्याच्या मुळाशीं स्वस्थ राहणें आहे. मौन हें संमतीचें लक्षण, असें आपल्याकडे म्हणतात, तोच हा प्रकार. त्याच्याही खालीं 'कनायव्हन्स'. याचें लॅटिन मूळ डोळे मिटणें असें आहे. अन्याय समोर चालला आहे, तो थांबविण्याचा अधिकार आहे, आणि तरीही डोळे मिटून घेतले, म्हणजे 'कनायव्हन्स'. मराठींत याला डोळेझाक हा तंतोतंत शब्द तयार आहे. दोन भाषांनीं एकमेकींना न विचारतां एकच चित्र काढलें. कायद्यानें या डोळे मिटण्याची दखल घेतली आहे. भारताच्या 1986 च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमांत कंपनीच्या हातून गुन्हा घडल्यास, ज्या अधिकाऱ्याची त्याला संमति असेल त्याच्याप्रमाणेंच ज्याची डोळेझाक असेल तोही दोषी धरला आहे.

'काउंटेनन्स' या ओळींत कोठें बसतो? पारख, विधि आणि जाहीर शब्द एका बाजूला. मौन आणि मिटलेले डोळे दुसऱ्या बाजूला. आणि त्यांच्या मध्यें हा चेहरा. त्यानें शब्द दिलेला नाहीं; पण डोळेही मिटलेले नाहींत. तो उघड्या डोळ्यांनीं पाहतो आणि अनुकूल राहतो. त्याचें बळ यांतच आहे, आणि त्याचा धोकाही यांतच आहे. वरिष्ठाच्या चेहऱ्यावरून हाताखालचा माणूस काम करून बसतो, पुढें तें काम अंगलट आलें म्हणजे वरिष्ठ म्हणतो, "असें कर म्हणून कधीं सांगितलें होतें?" आणि तें खरेंच असतें. चेहऱ्याची नक्कल कोणत्याही दप्तरांत राहत नाहीं. मर्जीवर चालणारा कारभार आणि नियमावर चालणारा कारभार यांतील भेद येथें आहे. मर्जी पाहावी लागते. नियम वाचतां येतो.

चेहऱ्यावरून कारभार चालतो तेथें दुर्बळ माणूस काय करतो, याचा एक दाखला महाराष्ट्रांतच मिळाला आहे, आणि तो चार्ल्स डार्विनच्या ग्रंथांत नमूद आहे. मनुष्य व प्राणी यांच्या भावनांचें प्रकटीकरण या विषयावरील त्याचा ग्रंथ 1872 सालीं प्रसिद्ध झाला. राग, लाज, विस्मय, संमति आणि नकार हे भाव सर्व मानवजातींत सारखेच व्यक्त होतात कीं काय, हें पाहण्यासाठीं त्यानें 1867 च्या सुमारास छापील प्रश्न जगभर पाठविले. त्यांतील एक निरीक्षक अर्स्किन नांवाचा इंग्रज होता. तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत, राहून त्यानें लोकांचे चेहरे लक्षपूर्वक न्याहाळले; परंतु खात्रीचा निष्कर्ष काढणें त्याला फार अवघड गेलें. कारण डार्विननें दिलें आहे: युरोपियनांच्या समोर आपल्या सर्व भावना लपविण्याची त्या लोकांची संवय.

या एका वाक्यांत केवढा इतिहास आहे! साहेबाची मर्जी पाहून ज्यांचा दिवस ठरावयाचा, त्या शेतकऱ्यांनीं, शिपायांनीं, कारकुनांनीं साहेबाला आपला चेहरा वाचूं दिला नाहीं. साहेबाच्या घरीं संयम हें सभ्यतेचें लक्षण होतें; रयतेच्या ठिकाणीं तोच संयम संरक्षणाचें साधन झाला. अर्स्किनला त्यांच्या चेहऱ्यावर कांहीं दिसलें नाहीं, म्हणून आंत कांहीं नव्हतें असें नव्हे. भांडें भरलेलें होतें, तें त्याच्यापुढें सांडलें जात नव्हतें इतकेंच. चेहऱ्यावरून मान्यता देणाऱ्या सत्तेला शेवटीं लोकांचाही केवळ चेहराच मिळतो, आणि तोही बंद.

मग चेहऱ्याची ही भाषा टाकूनच द्यावी काय? तसें करतां येणार नाहीं. कारण ती भाषा माणूस बोलण्याच्या आधीं शिकतो. याविषयीं 1985 सालीं प्रसिद्ध झालेला अमेरिकेंतील एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. जाड कांचेचें एक मेज केलेलें असतें. त्याच्या अर्ध्या भागांत कांचेला लागूनच चौकटीचें कापड असतें. उरलेल्या भागांत तें सुमारें एक फूट खालीं असतें, त्यामुळें तेथें खोलगट पायरी असल्याचा भास होतो. एक वर्षाचें मूल उथळ बाजूला ठेवतात. पलीकडच्या टोंकाला आई उभी असते. मूल रांगत कडेपाशीं येतें, थबकतें, आणि आईच्या तोंडाकडे पाहतें. आईनें कांहीं बोलावयाचें नसतें. फक्त ठरविलेला भाव चेहऱ्यावर ठेवावयाचा असतो. ज्या 19 मुलांच्या आयांनीं आनंदाचा भाव ठेवला, त्यांपैकीं 14 मुलें कांच ओलांडून पलीकडे गेलीं. ज्या 17 मुलांच्या आयांनीं भीतीचा भाव ठेवला, त्यांपैकीं एकही मूल गेलें नाहीं.

हाच तो पूल. एक वर्षाच्या मुलाला 'होय' म्हणजे काय आणि 'नाहीं' म्हणजे काय हें अजून नीट उमगलेलें नाहीं. पण चेहरा म्हणजे परवानगी, हें त्याला पुरतें उमगलें आहे. लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजी यांना जो अर्थ घडवावयास कित्येक शतकें लागलीं, तो प्रत्येक मूल वर्षाच्या आंत मिळवितें. आणि तेंच मूल पुढें शाळेंत येतें, तेव्हां शिक्षकाच्या शब्दाआधीं त्याचा चेहरा वाचतें. उत्तर देण्यासाठीं एखादा बुजरा मुलगा अर्धवट उठतो, शिक्षकाच्या कपाळावर आठी दिसते, आणि तो पुन्हा बसतो. ती आठी कदाचित् खिडकींतून येणाऱ्या उन्हामुळें पडली असेल. पण त्या मुलाला तें कोणी सांगत नाहीं. वर्षभर तो मग उठत नाहीं. त्याला कोणीही मनाई केलेली नसते, म्हणून ती मनाई उठविण्याचेंही कोणाला सुचत नाहीं.

तेव्हां या जुन्या शब्दापासून घेण्यासारखा धडा दुहेरी आहे. सार्वजनिक व्यवहारांत चेहऱ्यावर विसंबूं नये. मान्यता असेल तर ती शब्दांत मागावी, शब्दांत द्यावी, आणि जेथें शक्य असेल तेथें कागदावर उमटवावी. मुद्रेचा जुना अर्थ शिक्का आहे, हें विसरूं नये. ज्याच्या हातीं अधिकार आहे त्यानें तर, हाताखालच्या माणसाला आपली चर्या वाचावयास लावणें हा त्याच्यावर अन्याय आहे, असें समजावें. परंतु घरांत आणि शाळेंत, जेथें मुलें कांचेच्या कडेवर थबकून वर पाहत असतात, तेथें मोठ्या माणसांनीं आपल्या चेहऱ्याचा हिशेब ठेवला पाहिजे. तेथें नुसता शब्द पुरत नाहीं. "बोल, भिऊं नकोस," असें सांगतांना कपाळावर आठी असेल, तर मूल त्या आठीचेंच ऐकतें.

मराठींत तोंडदेखला असा एक शब्द आहे. जें तोंडापुरतें आहे, आंत नाहीं, तें तोंडदेखलें. मराठी भाषेनें चेहऱ्याच्या मान्यतेवर किती विश्वास ठेवावा हें त्या एका शब्दांत सांगून ठेवलें आहे. आणि 'प्रसन्नमुख' या शब्दांत त्या मान्यतेचें मोलही सांगून ठेवलें आहे. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यानें 'काउंटेनन्स'चे दोन्ही अर्थ जरूर पाठ करावे. पण पाठ करतांना त्यांच्यामध्यें उभ्या असलेल्या माणसांकडेही पाहावें: दिवाणखान्याबाहेर ताटकळणारा कोशकार, साहेबापुढें चेहरा बंद करून उभा असलेला शेतकरी, आणि अर्धवट उठून पुन्हा बसलेला तो मुलगा. त्या तिघांनाही समोरचा चेहरा काय म्हणतो हेंच पाहत राहावें लागलें. आणि तिघांनाही हवा होता तो एक स्पष्ट, वेळेवर उच्चारलेला शब्द.